डिमरचा दिवा सारखा फडफडतोय? ट्रायक बदलण्याआधी झीरो क्रॉसिंग तपासा

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात गणपतीचे दिवस जवळ आले की आर्डुइनो नाहीतर ईएसपी या छोट्या कंट्रोलर बोर्डांवर चालणारे डिमर, म्हणजे दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारी सर्किटं, बनायला लागतात. मखराच्या उजेडासाठी, मंडळाच्या देखाव्यासाठी, हौशी नाटकाच्या स्टेजसाठी. आणि दरवर्षी तीच तक्रार येते: पहिल्या दिवशी डिमर झकास चालला, मग दिवा फडफडायला लागला. ‘दादा, बल्ब नुस्ता उड्या मारूलालाय,’ असं सांगत एखादा पोरगा बोर्ड घेऊन येतो, तोवर त्याने ट्रायक (बल्बची वीज सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बदललेला असतो, ऑप्टो (२३० व्होल्टची बाजू, म्हणजे मेन्स, आणि कंट्रोलर यांच्यात प्रकाशाने इशारा पोचवणारा भाग) बदललेला असतो, कधी अख्खा बोर्ड नव्याने सोल्डर केलेला असतो. चार दिवस बरं चालतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

फडफड हा ट्रायकचा आजार क्वचितच असतो. ट्रायक जातो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होतो. मग तुम्ही उजेड कितीही कमी करा, बल्ब पूर्ण ताकदीने पेटलेलाच राहतो. दिवा कधी नीट चालतो, कधी फडफडतो, असं असेल तर ट्रायक हुकूम पाळतोय, पण हुकूम चुकीच्या वेळी मिळतोय. ही वेळ झीरो क्रॉसिंगवरून, म्हणजे विजेची लाट शून्यातून जाते त्या क्षणावरून, ठरते. म्हणून शोध तिथून सुरू करायचा आणि ट्रायकला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

आधी जिवाचं बघा

२३० व्होल्ट हा बोलण्यातला आकडा. लाटेच्या शेंड्यावर ते ३२५ व्होल्ट असतात आणि डिमरच्या अर्ध्या बोर्डावर ते उघडे फिरत असतात. त्यामुळे पेटी उघडायची ती प्लग हातात आल्यावरच. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण आपल्याकडच्या जुन्या घरांत फेज-न्यूट्रल उलट जोडलेले सर्रास सापडतात. स्विच न्यूट्रलमध्ये असला तर तो बंद करूनही बोर्ड जिवंतच राहतो. डिमरची तारही फेजमध्येच यायला हवी. ती न्यूट्रलमध्ये आली तर डिमर पूर्ण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज असतो, आणि बल्ब बदलणाऱ्याला शॉक बसतो.

प्लग काढल्यावरही स्नबरचा (झटके शोषायला ट्रायकवर लावलेल्या जोडणीचा) कपॅसिटर चार्ज धरून बसू शकतो. त्याच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावून शून्य बघितल्याशिवाय बोट नेऊ नका.

बीटी१३६ वापरला असेल तर त्याची पत्र्याची पाठ एमटी२ ला (मेन्सचा करंट नेणाऱ्या दोन पायांपैकी एकाला) आतून जोडलेली असते, म्हणजे हीट सिंकलाही करंट असतो. बीटीए मालिकेतल्या ट्रायकची पाठ आतून वेगळी केलेली असते. नवशिक्यांनी बीटीएच घ्यावा, चार पैसे जास्त गेले तरी.

पहिल्यांदा मेन्स जोडताना १०० वॅटचा पिवळा (जुना, तारेचा) बल्ब सिरीजमध्ये ठेवा. हा सिरीज बोर्ड प्रत्येक वायरमनकडे असतो. कुठे शॉर्ट असेल तर तो बल्ब पेटतो, तुमचा बोर्ड फुटत नाही. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट अर्थिंगकडे गळाला की लाइन पाडणारा स्विच) असलीच पाहिजे, पण तिच्या भरवशावर ढिलाई नको: एक हात फेजला आणि एक न्यूट्रलला लागला तर आरसीसीबीच्या लेखी तुम्ही आणि बल्ब सारखेच, ती पडणार नाही.

कंट्रोलरला ५ व्होल्ट देण्यासाठी कपॅसिटरवर व्होल्टेज पाडणारा स्वस्त सर्किटचा जुगाड करू नका. त्यात मेन्सपासून विलगता नसते. सगळीकडून झाकलेलं, मेन्सपासून विलग (आयसोलेटेड) ५ व्होल्टचं मॉड्यूल घ्या. कॉलेजच्या लॅबमधून ऑसिलोस्कोप आणला असेल तर त्याची अर्थिंगची क्लिप मेन्सच्या बाजूला लावायची नाही. ती क्लिप थेट अर्थिंगला जोडलेली असते आणि फेजला लागली की मोठा स्फोट होतो. स्कोप फक्त ऑप्टोच्या अलीकडे, कंट्रोलरच्या बाजूला. आणि डिमर भिंतीतल्या कायमच्या वायरिंगमध्ये बसवायचा असेल तर ते काम लायसन्सधारक वायरमनकडूनच करून घ्या.

१२ व्होल्टवर शिका, २३० वर शेवटी या

हा सल्ला मी प्रत्येकाला देतो आणि बहुतेकजण घाईत तो टाळतात. डिमरचा सगळा कोड १२ व्होल्ट एसीवर लिहिता आणि तपासता येतो. १२ व्होल्ट १ अँपिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर घ्या, दिवा म्हणून गाडीचा पार्किंगचा ५ वॅटचा बल्ब लावा. झीरो क्रॉसिंगच्या ऑप्टोला मेन्सवर जे ६६ किलोओहम लागतात त्याऐवजी ३.३ किलोओहम, आणि ट्रायकच्या गेटला (त्याला चालू करणाऱ्या पायाला) ३३० ओहमऐवजी १०० ओहम. ट्रायक मात्र कमी गेट करंटचा, बीटी१३६-६००ई सारखा. ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी नीट झाकलेलं असू द्या, मग टेबलावर उघडा राहतो तो फक्त १२ व्होल्टचा भाग. त्यावर लॅपटॉप जोडून, स्कोप लावून, हवं तितकं बघा. खाली सांगितलेल्या निम्म्याहून अधिक चुका इथेच उघड्या पडतात, जिवाला घोर न लावता.

दोष घराच्या आत की बाहेर

बोर्ड उघडण्याआधी एक साधी चाचणी करा. त्याच स्विचबोर्डवर डिमरशिवाय एक पिवळा बल्ब थेट लावा आणि दोन्ही बल्ब शेजारी शेजारी ठेवून बघा. दोघेही एकदम मंद होत असतील तर तुमच्या डिमरचा काही दोष नाही.

चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या वाड्या-वस्त्यांवर हे फार दिसतं. शेतीच्या पंपांना थ्री फेज पाळीने मिळते. ऑटो स्टार्टर लावलेले पंप थ्री फेज आल्याआल्या एकदम उठतात. मोटर उठताना नेहमीच्या ५ ते ७ पट करंट खेचते, त्या क्षणी व्होल्टेज बसतं. पिवळ्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातात बदलतो, म्हणून व्होल्टेज ५ टक्के पडलं तरी उजेड १६ टक्क्यांच्या आसपास पडतो आणि डोळ्याला लगेच जाणवतं. यावर ट्रायक बदलून काय उपयोग?

उलटा प्रकार दिसला तर मात्र सगळं सोडून थांबा. घरात किंवा शेजारी मिक्सर किंवा पाण्याची मोटर लावल्यावर दिवा मंद होण्याऐवजी अचानक *उजळला*, तर न्यूट्रल सुटत आलेला असू शकतो. तीन फेजचा सामाईक न्यूट्रल तुटला तर सिंगल फेजच्या घरात २३० च्या जागी ४०० च्या जवळपास व्होल्ट येऊ शकतात. मेन स्विच खाली करा, १९१२ वर तक्रार नोंदवा, लाइनमनकडून सर्व्हिस वायरचे जोड तपासून घ्या. डिमर नंतर बघू.

दोष बल्बचा की सर्किटचा

दुसरी चाचणी: डिमरवरचा एलईडी काढून तिथे ६० वॅटचा पिवळा बल्ब लावा. फडफड थांबली तर सर्किट चांगलं आहे, भांडण एलईडीशी आहे.

ट्रायक कसा चालतो ते इथे समजून घ्यायला हवं. शेतात पाण्याचं बारं सोडतो तसाच हा प्रकार आहे: एकदा दार उघडलं की पाट कोरडा पडेपर्यंत पाणी वाहत राहतं. गेटला क्षणभर पल्स दिला की ट्रायक चालू होतो आणि करंट एका मर्यादेखाली जाईपर्यंत चालूच राहतो. ही मर्यादा म्हणजे होल्डिंग करंट. बीटीए१६-६००बी मध्ये तो ५० मिलिअँपिअरपर्यंत असू शकतो. ६० वॅटचा पिवळा बल्ब २६० मिलिअँपिअर घेतो, तिथे अडचण नाही. ५ वॅटचा एलईडी जेमतेम २०-२५ मिलिअँपिअरचा धनी. ट्रायक चालू होतो, लगेच सुटतो, पुन्हा चालू होतो. तुम्हाला दिसते ती फडफड हीच. एवढ्याशा लोडसाठी १६ अँपिअरचा दांडगा ट्रायक घेणंच चूक. कमी होल्डिंग करंटचा, म्हणजे बीटी१३६-६००ई किंवा बीटीए च्या एसडब्ल्यू प्रकारातला घ्या, किंवा चार-पाच दिवे एकत्र जोडून लोड वाढवा.

शिवाय खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलेलं नसेल तर तो एलईडी बल्ब ट्रायकच्या डिमरवर लावूच नका. त्याच्या आत कपॅसिटर असतो. ट्रायक प्रत्येक अर्ध्या लाटेच्या मधोमध दार उघडतो तेव्हा तो कपॅसिटर एकदम मोठा करंट ओढतो. बल्ब तापतो, फुगतो, कधी जळतो. लाकडी मखराला चिकटवलेल्या बल्बचं असं झालं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. चोकवाली ट्यूब, सीएफएल, सीलिंग फॅन यांनाही हा डिमर लावायचा नाही.

पिवळ्या बल्बवरही फडफडतोय? मग झीरो क्रॉसिंग

आपल्या विजेची लाट सेकंदाला ५० वेळा फिरते. म्हणजे ती सेकंदाला १०० वेळा शून्यातून जाते, दर १० मिलिसेकंदांनी एकदा. कंट्रोलरने हा शून्याचा क्षण ओळखायचा, तिथून ठरावीक वेळ थांबायचं आणि गेटला पल्स द्यायचा. ५ मिलिसेकंद थांबलं की बल्बला निम्मी पॉवर जाते. जास्त थांबलं की उजेड कमी.

पहिलं काम: एका सेकंदात किती इंटरप्ट (झीरो क्रॉसिंगच्या पिनवरून कंट्रोलरला येणारे इशारे) येतात ते मोजा. कोडमध्ये एक मोजणी ठेवा आणि दर सेकंदाला आकडा छापा. इतकं सोपं आहे, तरी हे न करताच लोक सोल्डरिंग गन उचलतात.

आकडा १०० आला तर ठीक. ५० आला तर तुम्ही पीसी८१७ किंवा ४एन३५ सारखा एकाच एलईडीचा ऑप्टो थेट मेन्सवर जोडलाय. त्याला लाटेची एकच बाजू दिसते. मग बल्बला एकाच अर्ध्या लाटेत वीज मिळते आणि तो ५० च्या वेगाने थरथरतो. दोन उलटसुलट एलईडी असलेला एच११एए१ वापरा, किंवा पीसी८१७ च्या आधी ब्रिज रेक्टिफायर टाका. २०० आला तर इंटरप्ट ‘चेंज’ वर (पिन वर जाताना आणि खाली येताना, दोन्ही वेळा) ठेवलाय आणि कोड पल्सच्या दोन्ही कडांना शून्य समजतोय. आणि आकडा १०० च्या वर कसाही नाचत असेल, १०३, ११७, १०१, तर लाइनवरचा कचरा शून्य म्हणून आत येतोय. त्याच्याकडे पुढे येतो.

आता खरी मेख. आकडा बरोबर १०० आला तरी क्षण बरोबर असेलच असं नाही.

एच११एए१ ला मेन्सवर ३३ किलोओहमचे १ वॅटचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये देतात. दोन कशाला? पाव वॅटचा साधा रेझिस्टर एवढं व्होल्टेज एकट्याने सहन करण्यासाठी बनलेला नसतो, आणि दोघांत मिळून ०.८ वॅट उष्णताही निघते. या जोडणीत आतल्या एलईडीला शेंड्यावर जेमतेम ५ मिलिअँपिअर मिळतात. व्होल्टेज शून्याकडे उतरायला लागलं की खरं शून्य येण्याच्या बऱ्याच आधी एलईडी इतका मंद होतो की ऑप्टो बंद पडतो. मी हिशेब करतो तेव्हा, १० किलोओहमचा पुलअप (ऑप्टो बंद असताना पिन वर ओढून धरणारा रेझिस्टर) आणि कमी कार्यक्षमतेचा ऑप्टो धरला तर हे साधारण ११० व्होल्टला होतं. म्हणजे खऱ्या शून्याच्या सुमारे १ मिलिसेकंद आधी पिन वर जाते आणि शून्यानंतर सुमारे १ मिलिसेकंदाने खाली येते. पल्स २ मिलिसेकंद रुंद, आणि खरं शून्य तिच्या पोटात, बरोबर मध्ये.

आता बघा काय होतं. कोडमध्ये इंटरप्ट ‘रायझिंग’ वर (पिन वर जाताना) आहे आणि पूर्ण उजेडासाठी तुम्ही अर्धा मिलिसेकंद थांबताय. पल्स गेटला पोचते तेव्हा खरं शून्य अजून अर्धा मिलिसेकंद लांब आहे. ट्रायक आधीच्या लाटेच्या शेपटीत चालू होतो आणि शून्य आलं की विझतो. पुढची पूर्ण लाट वाया. म्हणून *डिमर फुल्ल केला की बल्ब मंदावतो किंवा फडफडतो, थोडा कमी केला की नीट चालतो*. ही तक्रार ऐकली की मी न बघता सांगतो, ‘रायझिंग’ ची वेळ चुकलीय.

‘फॉलिंग’ वर (पिन खाली येताना) ठेवलंत तर उलटं. तिथे मोजणी खऱ्या शून्यानंतर १ मिलिसेकंदाने सुरू होते. अगदी मंद उजेडासाठी ९.२ मिलिसेकंद थांबलात की पल्स १०.२ वर पडते, म्हणजे पुढच्या लाटेच्या सुरुवातीला, आणि ती अख्खी लाट बल्बला मिळते. *मंद केलेला दिवा मध्येच भक्कन पूर्ण पेटतो* तो यामुळे.

उपाय कोडमध्येच आहे. इंटरप्ट ‘चेंज’ वर घ्या, पण दोन कडा वेगळ्या ओळखा: पिन वर गेली ती वेळ नोंदवा, खाली आली ती नोंदवा, दोघांच्या मधोमध खरं शून्य. ही रुंदी एकदा मोजून स्थिरांक म्हणून ठेवली तरी चालते, पण ऑप्टो बदलला की पुन्हा मोजायची, कारण एकाच पुडक्यातले दोन ऑप्टोही सारखे नसतात. ट्रायक बदलला तर काही फरक नाही आणि ऑप्टो बदलला तर चार दिवस बरं, हे कोडं इथे सुटतं: नव्या ऑप्टोची रुंदी वेगळी असते, त्यामुळे फडफडीची जागा तेवढी सरकते.

यासोबत दोन्ही टोकं कापून टाका. थांबण्याची वेळ १ मिलिसेकंदाच्या खाली आणि ८.५ च्या वर जाऊच देऊ नका. पहिल्या १ मिलिसेकंदात बल्बला जाणारी पॉवर इतकी कमी असते की उजेडातला फरक कळतही नाही. पूर्ण बंद हवं असेल तर पल्स देणंच थांबवायचं, ९.९ मिलिसेकंद थांबायचं नाही.

मोबाईलवर ॲप उघडलं की दिवा उडतो

हा ईएसपीवाल्यांचा खास रोग. त्याची कारणं दोन, आणि बहुतेकांना दुसरं ठाऊक नसतं.

पहिलं कारण वायफाय. ईएसपी८२६६ ला वायफायचं काम आलं की तुमचा इंटरप्ट थोडा ताटकळतो. काही शे मायक्रोसेकंदांचा उशीरही मंद उजेडावर स्पष्ट दिसतो. इंटरप्टचं फंक्शन रॅममध्ये ठेवणं, त्याच्या आत डिले न वापरता हार्डवेअर टायमरला काम देणं, हे करायलाच हवं. इंटरप्टच्या आत डिले मायक्रोसेकंद्स टाकून बसलेले कोड मी बघतो तेव्हा वाईट वाटतं. कंट्रोलर निम्मा वेळ नुसता उभा असतो. माझं स्वच्छ मत असं: वायफाय हवं असेल तर डिमिंगचं काम एटीटायनी८५ किंवा नॅनो अशा वेगळ्या छोट्या कंट्रोलरकडे द्या आणि ईएसपीने त्याला सिरीयलवरून फक्त ‘४० टक्के’ एवढंच सांगावं. थोडक्या पैशांत कटकट मिटते.

दुसरं कारण रेझिस्टर. ५ व्होल्टच्या आर्डुइनोचं सर्किट जसंच्या तसं ३.३ व्होल्टच्या ईएसपीला लावलेलं असतं. ट्रायकला पल्स पोचवणारा ऑप्टो एमओसी३०२१, त्याला नक्की चालू व्हायला १५ मिलिअँपिअरपर्यंत लागू शकतात. ३३० ओहममधून ५ व्होल्टवर साडेअकरा मिलिअँपिअर जातात. ते काठावरचं, पण बऱ्याचदा चालून जातं. ३.३ व्होल्टवर त्याच ३३० ओहममधून सहा-साडेसहाच जातात. मग ऑप्टो कधी उठतो, कधी झोपून राहतो. ईएसपी८२६६ ची पिन १२ मिलिअँपिअरच्या वर द्यायची नसते, त्यामुळे रेझिस्टर कमी करत जाणं हा मार्ग नाही. एमओसी३०२३ ला ५ मिलिअँपिअर पुरतात. त्याहून चांगला एमओसी३०५३: त्यालाही ५ मिलिअँपिअर पुरतात आणि तो ६०० व्होल्ट सहन करतो. ३०२१ आणि ३०२३ ची मर्यादा ४०० व्होल्ट. आपल्या मेन्सचा शेंडा ३२५ चा, आणि पंप बंद होताना लाइनवर झटके येतात; ४०० वाल्याला फार जागा उरत नाही.

ऑप्टो घेताना दुकानदाराने एमओसी३०४१ किंवा ३०६३ हातात ठेवला तर परत करा. त्यांच्या आतच झीरो क्रॉसिंगचं सर्किट असतं, ते शून्याजवळच चालू होतात. चालू-बंद करायला उत्तम, डिमरला निरुपयोगी. डिमरवर लावला की बल्ब एकतर पूर्ण पेटतो नाहीतर विझतो, मधलं काही नाही.

इंटरप्टचा आकडा नाचतोय

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या आसपास कुठे वेल्डिंग सुरू असलं, शेजारी जुना मिक्सर फिरत असला, की लाइनवर काटे उठतात आणि कंट्रोलर प्रत्येक काट्याला शून्य समजतो. कोडमध्ये एक ओळ पुरते: एकदा शून्य मिळालं की पुढचे ८ मिलिसेकंद आलेला प्रत्येक इंटरप्ट सोडून द्या. खरं शून्य त्याच्या आत येणारच नाही, त्यामुळे गमावण्यासारखं काही नाही.

बोर्डावर बघायचं ते असं. पुलअप रेझिस्टर कंट्रोलरच्या पिनच्या जवळ हवा. झीरो क्रॉसिंगची तार बल्बच्या तारेसोबत पिळून नेलेली नको. इनपुटवर फ्यूज आणि त्यानंतर २७५ व्होल्टचा व्हॅरिस्टर (लाइनवरचे झटके गिळणारा भाग) हवा. तुमचा स्वतःचा ट्रायकसुद्धा कचरा करतो: मीडियम वेव्हवर रेडिओ लावा, धारवाड केंद्र असो की सांगली, आणि डिमर निम्म्यावर आणा. घरघर आली तर ट्रायकसोबत सिरीजमध्ये चोक कॉइल टाका. बल्बच्या तारेतून येणारी बारीक गुणगुणही त्याने कमी होते.

मंडळाच्या जनरेटरवर फडफडतो, घरी नाही

ग्रीडची फ्रीक्वेन्सी फार हलत नाही, ४९.९० ते ५०.०५ हा नेमून दिलेला पट्टा आहे आणि त्याने डिमरला काही होत नाही. भाड्याचा जनरेटर मात्र लोड कमी झाला की ५२ वरही पळतो. तिथे अर्धी लाट १० ऐवजी ९.६ मिलिसेकंदांची होते आणि तुमचं मंद उजेडाचं गणित पुढच्या लाटेत जाऊन पडतं. म्हणून कोडमध्ये मिलिसेकंद ठोकून बसवू नका. दोन शून्यांतलं अंतर सतत मोजा आणि थांबण्याची वेळ त्याच्या टक्क्यात काढा.

घरच्या जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हा डिमर नीट चालणार नाही. त्याची लाट शून्यातून उतरत नाही, उडी मारते. लाईट गेल्यावर डिमर आपोआप फुल्लवर जाईल अशी सोय करा, किंवा तो बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढा.

बंद केल्यावरही एलईडी मिणमिणतो

ट्रायकवर लावलेल्या स्नबरमधून हा करंट जातो. १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर २३० व्होल्टवर ७ मिलिअँपिअर सोडतो, आणि एलईडीच्या आतला कपॅसिटर हळूहळू भरून टिचकीसारखा लुकलुकायला तेवढं पुष्कळ आहे. साध्या दिव्यांसाठी स्नबर १० नॅनोफॅरडचा करा, करंट पाऊण मिलिअँपिअरच्या आसपास येतो. कपॅसिटर मात्र एक्स२ छापाचा, २७५ व्होल्ट एसीचाच. डब्यात पडलेला साधा ४०० व्होल्ट डीसीचा तिथे चालत नाही, तो एक दिवस फुटतो किंवा पेटतो. हा करंट चालू असतो म्हणूनच ‘डिमर बंद आहे’ असं म्हणून बल्ब बदलू नका. मागचा स्विच पाडा आणि प्लगही काढा.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसात

उन्हाळ्यात बनवलेला डिमर जुलैत अचानक बिघडतो, सप्टेंबरनंतर पुन्हा बरा होतो. त्या भागात पाऊस लागला की घरातली हवाच ओली असते. बोर्डावर राहिलेला सोल्डरिंगचा फ्लक्स ही ओल धरतो आणि मेन्सच्या बाजूकडून दुसऱ्या बाजूला सूक्ष्म करंट झिरपतो. झीरो क्रॉसिंगची पिन त्यानेच भरकटते. पण फडफड इथे लहान गोष्ट आहे. ज्या वाटेने तो करंट येतोय, त्याच वाटेने उद्या २३० व्होल्ट तुमच्या बटणापर्यंत येतील.

असा बोर्ड आधी बाजूला काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने दोन्ही बाजूंचा फ्लक्स घासून काढा, नीट वाळवा. मग मेन्सच्या आणि कंट्रोलरच्या तांब्यातलं अंतर पट्टीने मोजा. कुठेही ८ मिलिमीटरपेक्षा कमी नको, आणि ऑप्टोच्या पोटाखालून तर एकही ट्रॅक जाता कामा नये. ऑप्टोखाली कापून फट केली तर फारच उत्तम. व्हेरो बोर्डाच्या (तांब्याच्या पट्ट्या आणि भोकं असलेल्या तयार बोर्डाच्या) भोकांत २.५४ मिलिमीटरचं अंतर असतं, ते मेन्सला पुरत नाही. त्यावरच बनवायचं असेल तर मधल्या तीन ओळींचं तांबं खरवडून काढावं लागेल. मी म्हणेन, २३० व्होल्टचा भाग व्हेरो बोर्डावर नकोच. स्वच्छ केलेल्या बोर्डावर कोटिंगचा लॅकर मारा आणि पेटी प्लास्टिकची, आग न धरणारी घ्या. पत्र्याची घेतलीत तर तिला अर्थिंग जोडलंच पाहिजे.

मखरापुरतं हवं असेल तर

मखरात लहान मुलांचे हात पोचतात, कापड आणि थर्माकोल असतं, फुलांवर पाणी शिंपडलेलं असतं. तिथे मेन्सचा डिमर मी सुचवत नाही. १२ व्होल्टची एलईडी पट्टी, चांगल्या कंपनीचा झाकलेला अडॅप्टर आणि लॉजिक लेव्हलचा (कंट्रोलरच्या पिनवरून थेट चालणारा) एक मॉसफेट स्विच घ्या, उदाहरणार्थ आयआरएलझेड४४एन. गेटला २२० ओहम, गेट ते ग्राउंड १० किलोओहम, आणि आर्डुइनोच्या पीडब्ल्यूएम (भराभर चालू-बंद करणाऱ्या) पिनवरून थेट उजेड कमी-जास्त करा. झीरो क्रॉसिंगचा प्रश्नच येत नाही. जनरेटर असो, इन्व्हर्टर असो, पंप उठोत, १२ व्होल्ट स्थिर राहतात. पीडब्ल्यूएमचा वेग मात्र १ किलोहर्ट्झच्या वर ठेवा, म्हणजे मोबाईलवर आरतीचा व्हिडिओ घेताना पट्टे दिसणं बरंच कमी होईल.